याओवारात : बँकॉकचा रात्रीचा खाद्यबाजार आणि पदपथाचा प्रश्न

बँकॉकच्या जुन्या चिनी वस्तीतून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचे नाव याओवारात. ऐकताना चिनी वाटणारा हा शब्द मुळात संस्कृत आहे. ‘युवराज’ हाच शब्द थाई उच्चाराच्या मुशीतून जाऊन ‘याओवारात’ झाला. राजे चुलालोंगकॉर्न, म्हणजेच पाचवे राम, यांच्या कारकिर्दीत १८९२ मध्ये या रस्त्याचे काम सुरू झाले. ते पुरे होण्यास सुमारे आठ वर्षे लागली आणि युवराजांच्या सन्मानार्थ रस्त्याला हे नाव मिळाले. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण वळणे अशी की स्थानिक चिनी रहिवासी त्याला ड्रॅगनचे अंग म्हणतात. दिवसा हा रस्ता सोन्याच्या पेढ्यांचा, वनौषधींच्या दुकानांचा आणि सुक्या मासळीचा असतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पेढ्यांचे पत्रे खाली येऊ लागतात आणि त्यांच्यासमोरच्या पदपथावर ढकलगाड्या, कोळशाच्या भट्ट्या, घडीची टेबले आणि प्लास्टिकची स्टुले मांडली जातात. पुढचे सहा तास रस्त्याची कडेची मार्गिकाही वाहनांची राहत नाही.

‘बाजार’ हा शब्द येथे सवयीने वापरला जातो इतकेच. या बाजाराला कुंपण नाही, तिकीट नाही, कोणाचे एकछत्री व्यवस्थापन नाही. पूर्व टोकाला १९९९ मध्ये उभारलेली चिनी पद्धतीची कमान आहे. पण ती बाजाराची नव्हे, वस्तीची वेस आहे. भुयारी रेल्वेचे वात मंगकोन स्थानक २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून येथे पोहोचणे फारच सोपे झाले. या स्थानकाला ज्या मंदिराचे नाव मिळाले ते वात मंगकोन कमलावात १८७१ चे. त्यातील ‘मंगकोन’ म्हणजे ड्रॅगन आणि तो शब्द आला आहे ‘मकर’ या संस्कृत शब्दावरून. ‘कमलावात’ म्हणजे कमलावास. थाई लिपीचा पडदा बाजूला केला की मराठी वाचकाला या शहरात असे परिचित चेहरे पावलोपावली भेटतात.

ही वस्ती शहराइतकीच जुनी आहे. १७८२ मध्ये पहिले राम यांनी चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर नवी राजधानी वसवायचे ठरवले, तेव्हा राजवाड्यासाठी निवडलेल्या जागेवर चिनी व्यापाऱ्यांची घरे होती. त्यांना थोडे दक्षिणेला, सांपेंग भागात हलवण्यात आले. पुढे दक्षिण चीनमधून, विशेषतः तेओच्यू भाषक प्रदेशातून, मजुरांचे लोंढे आले. धक्क्यावर हमाली करणारे, कालवे खणणारे, गिरण्यांत राबणारे हे बहुतांशी एकटे पुरुष होते. घर नाही, घरात चूल नाही, हातात वेळ नाही. त्यांच्यासाठी खांद्यावर बांबूची कावड घेऊन, एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला वाडगी अशी फिरती खाणावळ सुरू झाली. थाई भाषेत तांदळाच्या शेवयांना जो शब्द आहे, क्वेतियाओ, तो याच मजुरांच्या तेओच्यू बोलीतून आलेला आहे.

आज तेथे जाणाऱ्या पर्यटकाला रस्त्यावरचे खाणे ही हौस वाटते. बँकॉकच्या सामान्य नोकरदाराला मात्र ती गरज आहे. शहर वाढत गेले तशी भाड्याची खोली लहान होत गेली आणि तिच्यातून स्वयंपाकघर वजा झाले. स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कार्यालयांत गेल्या. ईशान्येकडील इसान प्रांतातून रोजगारासाठी आलेल्यांनी आपली कच्च्या पपईची कोशिंबीर, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात सोबत आणला. संध्याकाळी कामावरून परतताना गाडीवरून तीन-चार पदार्थ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घ्यायचे, विक्रेत्याने हवा भरून तोंडाशी रबराचा पक्का वेढा दिलेला असतो, आणि घरी जाऊन ताटात ओतायचे, हे तेथील लाखो घरांचे रात्रीचे जेवण. रस्त्यावरच्या गाड्या हे या शहराचे सामायिक स्वयंपाकघर आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

एक गाडी, एक पदार्थ

याओवारातमध्ये प्रथम जाणारा माणूस गोंधळतो तो पदार्थांच्या संख्येने. पण बाजाराचा नियम साधा आहे. बहुतेक गाड्यांवर एकच पदार्थ मिळतो, फार तर त्याचे दोन-तीन प्रकार. जागा दीड-दोन मीटरची, आच एकच, आणि वर्षानुवर्षे तोच पदार्थ दिवसाला शेकडो वेळा करणारा हात. पणजी किंवा मडगावला संध्याकाळी रस-ऑम्लेटच्या गाड्यासमोर उभे राहणाऱ्यांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

क्वेचाप हा येथील सर्वांत चिनी म्हणावा असा पदार्थ. तांदळाच्या रुंद पट्ट्या शिजताना गुंडाळी होऊन नळीसारख्या होतात. त्या काळ्या मिऱ्याच्या झणझणीत रश्श्यात डुकराच्या मांसासह आणि आतड्या-काळजासह वाढल्या जातात. रस्सा दिसायला पाण्यासारखा, पण पहिल्याच घोटाला घशात मिरी जाणवते. होय थोत म्हणजे शिनाण्यांचे किंवा कालवांचे, पिठाच्या सरबरीत घोळात अंडे फोडून सपाट तव्यावर केलेले थालीपीठच. शिनाण्यांचे कुरकुरीत खावे, कालवांचे मऊ. गोव्याच्या आणि कोकणच्या माणसाला कालवांची पारख असतेच. येथे त्याने तवा पाहावा. तवा पुरेसा तापलेला नसेल तर पीठ चिकट राहते आणि कालवांना पाणी सुटते.

शेवयांच्या पदार्थांत जगभर गाजलेला फद थाय, आपल्याकडच्या उपाहारगृहांतला पॅड थाई. त्याचा इतिहास वाटतो तितका प्राचीन नाही. १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या फील्ड मार्शल फिबून सोंगख्राम यांनी राष्ट्रवादाची मोठी मोहीम राबवली. १९३९ मध्ये देशाचे नाव सयाम बदलून थायलंड झाले ते याच मोहिमेत. शेवया खाण्याचा सरकारी प्रचारही तेव्हाच झाला आणि चिनी शेवयांना चिंच, ताडगूळ व मासळीच्या अर्काची थाई चव देऊन केलेला हा पदार्थ त्या लाटेवर देशभर पसरला. त्याच्या नावात ‘थाय’ आहे ते बहुधा म्हणूनच. जो पदार्थ आधीपासून आपलाच असतो त्याच्या नावात देशाचे नाव घालण्याची गरज कोणाला भासत नाही.

टेबलावर चार बरण्यांचा एक संच ठेवलेला असतो: मिरच्या घातलेला मासळीचा अर्क, मिरच्या घातलेला शिरका, सुक्या मिरचीची भरड आणि साखर. नवख्याला साखर पाहून आश्चर्य वाटते. खारट, आंबट, तिखट आणि गोड या चार चवींचा अखेरचा तोल खाणाऱ्याने स्वतः साधायचा, अशी ही व्यवस्था आहे. आचाऱ्याने केलेल्या पदार्थात वरून काही घालणे हा तेथे आचाऱ्याचा अपमान समजला जात नाही. भाताच्या पदार्थांना चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरतात. काट्याचे काम चमच्यात घास ढकलण्यापुरते. काड्या फक्त शेवयांसाठी.

स्वच्छतेविषयीची शंका रास्त असते, पण तिचे निरसन डोळ्यांनी होऊ शकते. ज्या गाडीपुढे स्थानिकांची रांग आहे तेथील माल शिळा राहण्यास वेळच मिळत नाही. कढईतील पदार्थ प्रखर आचेवर समोरच होतो. पेयातील बर्फ नळीच्या आकाराचा, मध्ये भोक असलेला असेल तर तो कारखान्यातला आहे असे समजावे. फोडलेल्या लादीचा बर्फ टाळावा. आधीपासून कापून ठेवलेली फळे आणि कोमट झालेले शिंपले यांच्याबाबतीत मात्र धाडस दाखवू नये.

मिरीची नात मिरची

क्वेचापच्या रश्श्यात मिरचीऐवजी मिरी का, या प्रश्नाचे उत्तर थाई भाषेतच दडलेले आहे. थाईत तिखटाला शब्द आहे ‘फ्रिक’. मिरचीला आज नुसते फ्रिक म्हणतात आणि काळ्या मिऱ्याला ‘फ्रिक थाय’, म्हणजे थाई फ्रिक, आपले देशी तिखट. पूर्वी मिरचीला ‘फ्रिक थेत’ म्हणजे परदेशी तिखट म्हणत. परदेशी पाहुणीने घराचा ताबा घेतला आणि मूळ मालकाला ओळख सांगण्यासाठी नावापुढे ‘थाय’ लावावे लागले. मराठीत ‘मिरी’पासून ‘मिरची’ झाली ती अशाच वाटेने.

ही पाहुणी आली अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने. आणि या मार्गात गोवा आहे. आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकले आणि तेथूनच सयामची तत्कालीन राजधानी अयुत्थया येथे आपला दूत धाडला. पुढे अयुत्थयात पोर्तुगीजांची वसाहत झाली. पूर्वेकडील या साऱ्या पोर्तुगीज कारभाराचे मुख्य ठाणे गोवा हेच होते. इसानच्या पपईच्या कोशिंबिरीकडे, सोम ताम हिच्याकडे, या दृष्टीने पाहिले तर गंमत वाटते. उखळात कुटल्या जाणाऱ्या त्या पदार्थातील पपई, मिरची, शेंगदाणे आणि टोमॅटो हे सारेच अमेरिकेतून आलेले. थायलंडची ओळख म्हणून मिरवणारा हा पदार्थ पाचशे वर्षांपूर्वी तेथे अशक्य होता.

गोड पदार्थांच्या गाड्यांवर हे नाते आणखी उघड होते. पिवळ्याधमक बारीक सुतांचे वेटोळे दिसले की तो ‘फोय थोंग’ समजावा. अर्थ सोनेरी सूत. अंड्याच्या बलकाची बारीक धार उकळत्या साखरेच्या पाकात सोडून तो करतात. पोर्तुगालमध्ये हाच पदार्थ ‘फियुश द ओव्हुश’, अंड्याची सुते, या नावाने प्रसिद्ध आहे. राजे नाराय यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अयुत्थयाच्या दरबारात मारिया गुयोमार द पिन्या या मिश्र वंशाच्या ख्रिस्ती स्त्रीने हे पदार्थ रूढ केले, अशी परंपरा आहे. तिचा पती कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा ग्रीक गृहस्थ राजाचा प्रमुख सल्लागार होता. १६८८ च्या सत्तापालटात त्याचा शिरच्छेद झाला. अंड्याचा बलक आणि साखर ही पोर्तुगीज रीत, तिला पूर्वेकडच्या नारळाच्या दुधाची जोड मिळाली की गोव्यात बेबिंका होते आणि थायलंडमध्ये ‘खानोम मो केंग’. दोन्ही घरे एकमेकांना ओळखत नाहीत, पण चुलत भावंडे आहेत.

पदपथ कोणाचा?

याओवारातची कीर्ती ज्या गाड्यांवर उभी आहे, त्या गाड्या कायद्याच्या दृष्टीने कशावर उभ्या आहेत हे पाहिले तर चित्र बदलते. थायलंडच्या १९९२ च्या स्वच्छता व सुव्यवस्था कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर अन्न शिजवणे वा विकणे निषिद्ध आहे. अपवाद तेवढाच, की स्थानिक प्रशासनाने वाहतूक अधिकाऱ्यांच्या संमतीने ठराविक जागा आणि ठराविक वेळ सवलत म्हणून जाहीर करावी. म्हणजे विक्रेत्याकडे असतो तो हक्क नव्हे. ती सवलत असते, आणि ती एका घोषणेने दिली तशी दुसऱ्या घोषणेने काढता येते.

मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर बँकॉक महानगर प्रशासनाने पदपथ पादचाऱ्यांना परत देण्याची मोहीम उघडली. २०१५ मध्ये जुन्या शहरातील सफान लेक येथील कालव्यावरचा बाजार हटवला गेला. २०१६ मध्ये पाक ख्लोंग तलात या फूलबाजाराबाहेरचे पदपथ रिकामे करण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये प्रशासनाच्या वतीने संपूर्ण शहरातील पदपथांवरून विक्रेते हटवणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा जगभर ओरड झाली. सी. एन. एन. या वृत्तवाहिनीने त्याच सुमारास बँकॉकला रस्त्यावरील खाद्यासाठी जगातील सर्वोत्तम शहर ठरवले होते. काही दिवसांतच खुलासा आला की याओवारात आणि खाओ सान या दोन रस्त्यांवरचे खाद्यविक्रेते राहतील. त्याच वर्षी डिसेंबरात मिशेलिन मार्गदर्शिकेची पहिली बँकॉक आवृत्ती निघाली आणि रस्त्याला लागून असलेल्या उघड्या दुकानात, कोळशाच्या भट्टीपुढे डोळ्यांना मोठा चष्मा लावून खेकड्याचे ऑम्लेट करणाऱ्या जे फाय यांना तारा मिळाला. एकाच वर्षात एका हाताने झाडू आणि दुसऱ्या हाताने हार.

प्रशासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पदपथ अडल्यामुळे पादचारी रस्त्यावर उतरतात, चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर वाटच उरत नाही. भांडी धुतलेले तेलकट पाणी गटारात जाते आणि पावसाळ्यात सखल बँकॉकमध्ये तुंबलेले गटार म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांना ठाऊक आहे. पण उपाय ज्या रीतीने योजला गेला त्यात एक विसंगती आहे. जे दोन रस्ते सुरक्षित ठरले ते पर्यटकांचे. जेथे कारकून, शिवणकामगार, दुचाकी टॅक्सीचे चालक दुपारचे जेवण जेवत होते, त्या कार्यालयांच्या आणि बसथांब्यांच्या परिसरातील गाड्यांच्या मागे परदेशी वर्तमानपत्रे उभी राहिली नाहीत. जे खाणे गरिबांच्या गरजेतून जन्मले ते पाहुण्यांसाठी राखले गेले आणि यजमानांसाठी महागले. याओवारातच्या झगमगाटात ही गोष्ट सहज नजरेआड होते.

हटवलेल्या विक्रेत्यांसमोर दोन वाटा असतात. एक खाजगी रात्रबाजारांची. मोकळ्या भूखंडावर रंगीत तंबू उभारून भरवलेले असे बाजार गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झाले. रात्चादा येथील रेल्वे बाजार महामारीच्या काळात २०२१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राम नववे मार्गाजवळ जॉड फेअर्स सुरू झाला. तेथे छप्पर, वीज, पाणी सारे मिळते, पण भाडेही द्यावे लागते, आणि भूखंडाच्या मालकाला मोठी इमारत बांधायची झाली की बाजार उठतो. दुसरी वाट सिंगापूरची. तेथे फेरीवाल्यांना सरकारने बांधलेल्या केंद्रांत नेण्यात आले आणि २०२० मध्ये त्या केंद्रांच्या संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही मिळाले. मे २०२२ मध्ये बँकॉकचे राज्यपाल म्हणून निवडून आलेले चादचार्त सित्तिपुन यांनी या प्रकारच्या केंद्रांचा मार्ग पुढे आणला. अडचण अशी की गाडीचे गिऱ्हाईक वाटेवरचे असते. थांब्यावर उतरलेला माणूस घराकडे वळताना दोन मिनिटे थांबतो. त्याच गाडीसाठी तो पाचशे मीटर उलट चालत जाईलच असे नाही.

भारतात या बाबतीत कायदा तरी विक्रेत्याच्या बाजूने बोलतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र. सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेतेच असावे लागतात, त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया. या समित्या कोणत्या शहरात खरोखर बसतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

याओवारातला जाणाऱ्या मराठी पर्यटकांत शाकाहारींची संख्या कमी नसते आणि त्यांची फसगत होते ती ‘भाजी’ या शब्दाने. नुसती पालेभाजी मागितली तरी ती मासळीच्या अर्कात किंवा कालवांच्या रसात परतलेली असते. थाईत शाकाहाराला दोन शब्द आहेत. पहिला ‘मंगसविरात’, हा आपला ‘मांसविरती’. त्यात अंडी आणि दूध चालते. दुसरा ‘जे’, चिनी बौद्ध परंपरेतला आणि अधिक कडक. त्यात मांस, मासळी, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण आणि तत्सम उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हा नियम परका वाटणार नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे दिसली की ती ‘जे’ गाडी. नेहमीच्या दिवसांत अशा गाड्या थोड्या असतात. अडचण झालीच तर याओवारातच्या पश्चिम टोकापलीकडे पाहुरात हा भारतीय कापड व्यापाऱ्यांचा भाग आहे; तेथे भारतीय खाणावळी आहेत आणि सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात लंगरही असतो.

सोमवारी याओवारातला जाऊ नये. त्या दिवशी रस्ता धुण्यासाठी बहुतेक गाड्या बंद असतात. खिशात सुट्या नोटा ठेवाव्यात, कारण गाडीवर चिकटवलेले संकेतचित्र स्थानिक बँकखात्यांसाठी असते. आणि शाकाहारी व्यक्तीला वर्षातून एकदाच जाणे शक्य असेल तर तिने चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील पहिले नऊ दिवस निवडावेत. त्या ‘जे’ उत्सवात संपूर्ण याओवारात पिवळ्या पताकांनी भरून जातो आणि एरवी डुकराचे मांस रांधणाऱ्या कित्येक गाड्याही शाकाहारी होतात. हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राशी जुळतात. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला सुरू झाली. अधिक महिन्याचे गणित दोन्ही पंचांगांत वेगळे असल्याने २०२५ मध्ये मात्र तेथील उत्सव महिनाभर उशिरा, ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात झाला. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तारीख पाहून घ्यावी.